वाचकांचे प्रश्न : मोटरवर चढणारं मोठं ग्लायडर

रेडिओ कंट्रोलवरच्या मोठ्या इलेक्ट्रिक ग्लायडरविषयी आलेल्या पत्रांना या अंकात एकत्र उत्तरं देत आहोत. प्रत्येकाचं मॉडेल वेगळं आहे, त्यामुळे हिशेब समजावा म्हणून सगळीकडे एकच माप धरलं आहे : पंखांचा विस्तार 4 मीटर, पंखाची रुंदी म्हणजे कॉर्ड मुळाशी 24 सेंमी आणि टोकाला 14 सेंमी, क्षेत्रफळ 76 चौरस डेसिमीटर, उड्डाणाचं वजन 3.2 किलो. म्हणजे एका चौरस डेसिमीटरवर सुमारे 42 ग्रॅम भार. आपलं मॉडेल लहान असेल तर आकडे बदलतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

प्रश्न : दीड मीटरचं फोमचं ट्रेनर मी व्यवस्थित उडवतो. आता थेट 4 मीटरचं ग्लायडर बांधायचं आहे. नेमका फरक कशात पडतो? (सोलापूर)

पहिला फरक वजनाच्या शिस्तीत पडतो. लहान मॉडेलमध्ये 50 ग्रॅम जास्त झाले तर मोटर ते उचलून नेते. इथे मोटर दर काही मिनिटांत वीसेक सेकंद चालते, बाकी वेळ मॉडेल स्वतःच्या पंखांवर तरंगतं. म्हणून बांधायला बसण्याआधी कागदावर वजनाचं अंदाजपत्रक मांडा. आमच्या नमुन्यात ते असं येतं : सर्व्होसह (हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरींसह) दोन्ही पंख 1250 ग्रॅम, धड 450, शेपटीचे भाग 120, दोन पंख जोडणारा दांडा म्हणजे जॉइनर 65, मोटर 250, स्पीड कंट्रोलर 60, घडीचा प्रॉपेलर आणि स्पिनर 70, बॅटरी 400, शेपटीचे सर्व्हो 60, रिसीव्हर, बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होंना ठरावीक व्होल्टेज पुरवणारं सर्किट) आणि वायरिंग मिळून 100. बेरीज 2825. उरलेले पावणेचारशे ग्रॅम म्हणजे गोंद, रंग, आवरण आणि आपले चुकलेले अंदाज. प्रत्येक भाग तयार झाला की स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि आकडा लिहून ठेवा.

सर्वात कडक नजर शेपटीवर हवी. गुरुत्वमध्यापासून शेपूट 1 मीटर मागे आणि नाकातली शिशाची जागा 45 सेंमी पुढे असेल, तर शेपटीत वाढलेल्या प्रत्येक 10 ग्रॅमला नाकात 22 ग्रॅम शिसं घालावं लागतं. शेपटीसाठी हलकं बाल्सा लाकूड निवडून काढण्यात घालवलेली संध्याकाळ वाया जात नाही.

दुसरा फरक उडवण्यात आहे. लांब पंखांना फिरायला वेळ लागतो. स्टिक हलवल्यावर मॉडेल क्षणभर काहीच करत नाही, आणि नवखा माणूस त्या क्षणात आणखी स्टिक देतो. मध्ये अडीच मीटरचं, एलेरॉन (पंखांच्या टोकाकडचे हलते भाग) आणि रडर (उभ्या शेपटीचा हलता भाग) दोन्ही असलेलं मॉडेल एक हंगाम उडवलंत तर ही सवय सुटते. आमचा सल्ला तोच आहे.

प्रश्न : स्पारसाठी, म्हणजे पंखाच्या आतल्या मुख्य कण्यासाठी, कार्बनची पट्टी महाग पडते. चांगल्या स्प्रूसच्या काड्या चालणार नाहीत का? (नाशिक)

अडीच मीटरपर्यंत चालतात. 4 मीटरला का चालत नाहीत ते आकड्यांतच पाहू.

सुळकीतून बाहेर येताना एलिव्हेटर (आडव्या शेपटीचा हलता भाग) जोरात ओढला तर पंखांवर 10 जीचा, म्हणजे वजनाच्या दहापट, भार सहज येऊ शकतो. पंखांचं स्वतःचं वजन त्याच पंखांवर तोललेलं असतं, म्हणून मुळाशी वाकवणारा भार प्रामुख्याने धडाचा आणि त्यातल्या सामानाचा, म्हणजे सुमारे 2 किलोचा. 10 जीला तो 20 किलो होतो, एका पंखाच्या वाट्याला 10 किलो. हा भार मुळापासून साधारण 88 सेंमीवर केंद्रित धरला तर मुळाशी 86 न्यूटन-मीटरचं वाकवणं येतं. एसडी 7037 हा प्रोफाइल, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, घेतला तर त्याची जाडी कॉर्डच्या 9.2 टक्के, म्हणजे मुळाशी 22 मिमी. वरच्या आणि खालच्या पट्टीच्या मध्यांमधलं अंतर जेमतेम 19 मिमी मिळतं. म्हणून प्रत्येक पट्टीवर सुमारे 4500 न्यूटनचा जोर येतो, वरची दाबली जाते, खालची ताणली जाते.

10 मिमी रुंद, 1 मिमी जाड पल्ट्रूडेड (साच्यातून ओढून बनवलेल्या) कार्बन पट्टीत हा जोर म्हणजे 450 मेगापास्कल. तिला ते झेपतं आणि हाताशी थोडं शिल्लकही राहतं. स्प्रूस दाबाखाली 35 मेगापास्कलच्या आसपास हार मानतो, म्हणजे प्रत्येक पट्टी 130 चौरस मिमीची हवी, समजा 13 बाय 10 मिमी. वर-खाली अशा दोन काड्या बसवल्या तर 22 मिमी जाडीत मधे जागाच उरत नाही, दोन काड्यांमधलं अंतर कमी होतं आणि जोर आणखी वाढतो. लाकूड वाईट नाही, पातळ पंखात त्याला जागा पुरत नाही. टोकाकडे भार झपाट्याने कमी होतो, त्यामुळे अर्ध्या लांबीनंतर पट्टी 5 मिमी रुंदीची केली तर खर्च आणि वजन दोन्ही वाचतं.

आता खरी मोडण्याची जागा. मोडून आलेल्या पंखात कार्बन तुटलेला क्वचितच दिसतो. दोन पट्ट्यांमधली बाल्साची भिंत, म्हणजे शिअर वेब, आधी फाटते, वरची पट्टी सुटते आणि वाकून मोडते. वेबच्या बाल्साचे रेषे उभेच हवेत, आडवे लावले तर वेब नसल्यात जमा. मुळाकडच्या पहिल्या 40 सेंमीत वेब 6 मिमी जाड ठेवा, पुढे 3 मिमी पुरे. मुळाकडच्या भागात सगळ्या स्पारला केवलारच्या दोऱ्याचे 5-5 मिमीवर वेढे देऊन पातळ इपॉक्सीने भिजवा. दोऱ्याचं वजन दोनचार ग्रॅम होतं आणि पट्टी सोलून निघण्याची भीती जाते.

चिकटवण्यापूर्वी कार्बन पट्टी 240 नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत ओली घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग बोट लावू नका. ही धूळ फुप्फुसाला वाईट, तिच्या कुसळ्या बोटात शिरतात, तेव्हा मास्क आणि हातमोजे हवेतच. गोंद सावकाश सुकणारा इपॉक्सी घ्या, निदान 30 मिनिटांचा. 5 मिनिटांचा इपॉक्सी उन्हात तापला की मऊ पडतो. मे महिन्यात गाडीच्या टपावर ठेवलेल्या काळ्या पंखात नेमकं तेच होतं.

पंख वळू नये म्हणून पुढचा एकतृतीयांश भाग वर-खाली 1.5 मिमी बाल्साने मढवून बंद पेटीसारखा करा. हे काम सपाट पाटावर, वजनं ठेवून करा. मढवताना पंखात आलेला पीळ नंतर निघत नाही. टोकाला हवा असलेला 1 अंशाचा वॉशआउट, म्हणजे मागची कड किंचित वर ठेवणारा मुद्दाम दिलेला पीळ, मात्र याच वेळी मागच्या कडेखाली पट्टी सरकवून द्यायचा असतो, आणि दोन्ही पंखांना अगदी सारखा.

प्रश्न : जॉइनर पोलादाचा की कार्बनचा? (नाशिक, त्याच वाचकाचा)

दोन्ही टिकतात. 36 सेंमी लांबीचा 10 मिमी स्प्रिंग स्टीलचा दांडा 220 ग्रॅमच्या आसपास भरतो, 12 मिमीचा भरीव कार्बन दांडा 65 ग्रॅमच्या आत. वजन गुरुत्वमध्याजवळच असतं, त्यामुळे पोलाद घेतलं तरी तोल बिघडत नाही, भार तेवढा वाढतो. जोराच्या आघातात पोलाद वाकतं आणि पंख वाचतो, कार्बन दांडा एकतर टिकतो नाहीतर पंखाच्या मुळासकट निघतो.

जॉइनर पंखात 15 सेंमी शिरत असेल तर त्याच्या नळीच्या दोन टोकांना निदान 58 किलोचा उलटसुलट जोर येतो. म्हणून नळी दोन स्पार पट्ट्यांच्या मधे बसवा, भोवतीची पोकळी प्लायवूड आणि इपॉक्सीने भरा, आणि मुळाच्या रिबजवळ (रिब म्हणजे पंखाला आकार देणारी छेदाच्या आकाराची फळी) केवलारचे वेढे दाट द्या. नुसत्या रिबच्या भोकांत अडकवलेली नळी काही उड्डाणांतच हलू लागते.

प्रश्न : माझ्याकडे 1000 केव्हीची (भार नसताना एका व्होल्टला मिनिटाला 1000 फेरे देणारी) मोटर पडून आहे. ती 4 सेलच्या बॅटरीवर, 14x8 (व्यास 14 इंच, पिच 8 इंच) घडीच्या प्रॉपेलरसह चालेल का? एकदा चालवली तर स्पीड कंट्रोलरमधून धूर आला. (छत्रपती संभाजीनगर)

धूर येणारच होता. प्रॉपेलरला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 600 केव्हीची मोटर 4 सेलवर, भाराखाली 14 व्होल्ट धरून, मिनिटाला सुमारे 6700 फेरे देते आणि 14x8 ला त्या वेगाने फिरवताना 40 अँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे 560 वॅट. केव्ही 600 वरून 1000 केलं तर मागणी साडेचार पट होते. ती कुठलीच मोटर पुरी करत नाही, मग मोटर फेरे गमावते, प्रवाह बेसुमार चढतो आणि कंट्रोलर जळतो. ही मोटर वापरायचीच असेल तर 3 सेल आणि 10 किंवा 11 इंचाचा प्रॉपेलर लावा. मोठ्या ग्लायडरला मात्र मोठा आणि सावकाश फिरणारा प्रॉपेलरच मानवतो.

किलोला 150 ते 200 वॅट हे प्रमाण धरा. 3.2 किलोला 560 वॅट म्हणजे 175. इतक्यात मॉडेल सेकंदाला 6 ते 7 मीटर चढतं, 120 मीटर उंचीला वीसेक सेकंद. कंट्रोलर 60 अँपिअरचा घ्या, कारण नाकात वारा कमी मिळतो. 4000 एमएएचच्या बॅटरीतले 80 टक्के वापरायचे ठरवले तर पूर्ण शक्तीवर पावणेपाच मिनिटं मोटर चालते, म्हणजे चौदाएक चढाया. एका दुपारला भरपूर झालं.

वॅटमीटर आधी घ्या, मोटर मागाहून. जमिनीवरची पहिली चाचणी 10 सेकंदांपेक्षा जास्त नको.

आणखी दोन गोष्टी. कंट्रोलरमधला ब्रेक चालू करा, सौम्य पातळीवर. ब्रेक नसेल तर मोटर बंद केल्यावर पाती वाऱ्याने फिरत राहतात, मिटत नाहीत, आणि मॉडेल दगडासारखं खाली येतं. ब्रेक फार कडक असेल तर पाती धडाला आपटतात आणि मुळाशी चिरतात. दुसरं, सहा सर्व्होंना कंट्रोलरमधल्या छोट्या लिनिअर बीईसीवर सोडू नका. फ्लॅप (पंखांच्या मुळाकडचे हलते भाग) आणि एलेरॉन एकदम हलले की व्होल्टेज कोसळतं आणि रिसीव्हर बंद पडून पुन्हा चालू होतो. निदान 5 अँपिअरचा स्वतंत्र स्विचिंग बीईसी लावा.

प्रश्न : आराखड्यात सीजी म्हणजे गुरुत्वमध्य दिलेला नाही. तो कुठे ठेवू? आणि मोटर बंद केली की मॉडेल हेलकावे का खातं? (पुणे)

आधी सरासरी कॉर्ड काढा. 24 आणि 14 सेंमीच्या सरळ निमुळत्या पंखाची ती 19.4 सेंमी येते, आणि मध्यापासून 91 सेंमीवर असते. टोकाची पुढची कड मुळापेक्षा 3 सेंमी मागे असेल तर तिथे ती 1.4 सेंमी मागे असते. सुरुवात या कॉर्डच्या 33 टक्क्यांवर : 6.4 अधिक 1.4, म्हणजे मुळाच्या पुढच्या कडेपासून 78 मिमी. पुढे दर उड्डाणाला 2 मिमी मागे नेत 87 मिमीपर्यंत, म्हणजे 38 टक्क्यांपर्यंत जाता येतं. मात्र शेपूट त्या मानाने पुरेशी हवी. पंखापासून शेपूट 1 मीटर असेल तर आडवी शेपूट 6.6 चौरस डेसिमीटरच्या आसपास धरा. 400 ग्रॅमची बॅटरी 5 सेंमी सरकवली तर सीजी 6 मिमी सरकतो, तेव्हा बॅटरीच्या कप्प्यात सरकायला जागा ठेवली की शिशाची गरज बहुधा पडत नाही.

हेलकाव्यांविषयी. बहुतेकांना वाटतं नाक हलकं आहे, आणि ते शिसं वाढवतात. पुष्कळदा उलटं असतं : नाक जड, ते सावरायला एलिव्हेटर वर ट्रिम केलेला, म्हणजे कायमचा थोडा वर ठेवलेला. मग वेग वाढला की मॉडेल वर चढतं, वेग संपला की स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल संपते, पुन्हा सुळकी मारतं. खात्री करायला 100 मीटर उंचीवर वारा शांत असताना मॉडेल हात सोडून सरळ तरंगेल असं ट्रिम करा, मग 45 अंशांची सुळकी देऊन स्टिक सोडा. मॉडेल झटक्यात वर आलं तर नाक जड आहे. सावकाश, मोठ्या वळणाने वर आलं तर जागा योग्य आहे. सुळकी आणखी तीव्र होऊ लागली तर शेपूट जड आहे : हळू ओढून बाहेर काढा आणि उतरवा. सीजी मागे नेला की दर वेळी एलिव्हेटरही खाली ट्रिम करावा लागतो. हे न करता सीजी हलवणारे आहे तिथेच परत येतात.

मोटर चालू असताना नाक वर जात असेल तर तो सीजीचा दोष नाही. मोटरला 2 ते 3 अंश खाली कल द्या, किंवा थ्रॉटलबरोबर थोडा डाउन एलिव्हेटर आपोआप मिळेल असा रेडिओत मिक्स करा.

प्रश्न : डावीकडे एलेरॉन दिला की नाक आधी उजवीकडे जातं. सर्व्हो उलटा लागलाय का? (नागपूर)

नाही. उजवा एलेरॉन खाली जातो, त्या बाजूचा ओढा वाढतो आणि लांब पंखाचा तो हात मोठा असल्याने नाक तिकडे वळतं. डिफरेन्शियल द्या : वर 20 मिमी, खाली 10. शिवाय एलेरॉनबरोबर रडर मिक्स करा आणि वळणात नाक वळणाच्याच दिशेने जाईपर्यंत वाढवत न्या. कालांतराने रडर हाताने द्यायची सवय लावली तर थर्मलमध्ये, म्हणजे तापून वर उठणाऱ्या हवेत, फार उपयोगी पडते.

प्रश्न : उतरताना ग्लायडर मैदान संपेपर्यंत तरंगतच राहतं. फ्लॅप लावले तर दोन्ही सर्व्होंच्या गिअरचे दात गेले. (सातारा)

क्रो ब्रेक वापरा : फ्लॅप 60 ते 80 अंश खाली, दोन्ही एलेरॉन 15 ते 20 अंश वर. एलेरॉन वर गेल्याने टोकाचा भार कमी होतो, म्हणून कमी वेगातही टोक स्टॉल होत नाही. थ्रॉटलची स्टिक ब्रेकसाठी ठेवा आणि मोटर वेगळ्या स्विचवर घ्या, म्हणजे ब्रेक हवा तेवढाच देता येतो.

फ्लॅप खाली गेले की बहुतेक मॉडेलचं नाक वर उठतं, म्हणून डाउन एलिव्हेटरचा मिक्स लागतो. तो किती, हे जमिनीवर कळत नाही. 80-100 मीटरवर ब्रेक थोडाथोडा उघडून पाहा आणि 3 मिमीपासून सुरुवात करा. हा मिक्स न बसवता पहिल्यांदाच उतरताना पूर्ण ब्रेक टाकला, तर 5 मीटर उंचीवर मॉडेल नाक वर करून उभं राहतं आणि सावरायला जागा नसते.

दातांचं कारण साधं आहे. फ्लॅप पूर्ण उघडे असताना मॉडेल गवतात टेकतं, फ्लॅपची कड जमिनीला लागते आणि सगळा धक्का सर्व्होला. टेकण्याआधी अर्धा सेकंद ब्रेक मिटा. सर्व्हो धातूच्या दातांचे आणि निदान 3 किलो-सेंमीचे घ्या. सर्व्होचा हात मध्यबिंदूला सरळ उभा न ठेवता पुढे झुकवून बसवा, म्हणजे त्याची जवळजवळ सगळी चाल फ्लॅप खाली नेण्यात वापरली जाते आणि ताकदही पुरते.

प्रश्न : कार्बनच्या धडात रिसीव्हर बसवला. 200 मीटरवर सिग्नल जातो. (ठाणे)

कार्बन 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरी अडवतो. अँटेनाचं टोकाचं उघडं 31 मिमीच काम करतं, ते धडाबाहेर हवं. दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात. वायर त्या 31 मिमीत दुमडू नका, कापू तर मुळीच नका. मग रेडिओ कमी शक्तीच्या रेंज चाचणीवर टाकून सूचनापुस्तिकेत दिलेल्या अंतरावरून मॉडेल चारी बाजूंनी फिरवा, मोटर चालू असताना आणि बंद असतानाही. फेलसेफला, म्हणजे सिग्नल तुटल्यावर, मोटर बंद आणि अर्धा क्रो ब्रेक नेमून ठेवा.

प्रश्न : थर्मल शोधायचं कसं? कोणत्या वेळी जावं? (सांगली)

देशावर फेब्रुवारी ते मे हा मुख्य हंगाम. सकाळी दहा-साडेदहानंतर हवा उठू लागते, दुपारी सर्वात जोरात आणि खडबडीत असते, म्हणून नवं मॉडेल सकाळी नऊच्या आधी ट्रिम करून घ्या. नांगरलेलं काळं रान, खडकाळ माळ, पत्र्याच्या छपरांची वस्ती यांच्यावर हवा लवकर तापते. उसाच्या ओल्या फडावर आणि तलावावर सहसा काही मिळत नाही. पंख न हलवता गोल फिरणारी घार दिसली तर सरळ तिच्याकडे जा.

घार नसेल तर वाऱ्याकडे लक्ष द्या. अंगावरचा वारा एकाएकी थांबला किंवा दिशा बदलून एका बाजूकडे वाहू लागला, तर तो त्या बाजूच्या उठणाऱ्या हवेकडे ओढला जात असतो. मॉडेल सरळ जाताना एक पंख उचलला गेला तर त्याच बाजूला वळा. 30 ते 40 अंश कलून घेरे घ्या आणि प्रत्येक घेऱ्याबरोबर वाऱ्याच्या दिशेने थोडं सरका, कारण थर्मल वाऱ्याबरोबर वाहत जातं. वेगाचं भान ठेवा. हे मॉडेल सरळ उडताना ताशी 30 किमीच्या आसपास स्टॉल होतं, 45 अंश कलल्यावर 35 ला.

सरावाला एफ5जे या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे नियम चांगले : मोटर जास्तीत जास्त 30 सेकंद, एकूण वेळ 10 मिनिटं, आणि सुरुवातीच्या उंचीतल्या प्रत्येक मीटरला अर्धा गुण वजा, 200 मीटरच्या वर 3 गुण. उंची नोंदवणारा लॉगर लावलात तर 120 मीटर म्हणजे डोळ्यांना किती, हेही कळतं.

प्रश्न : ही मॉडेलं ड्रोनच्या नियमांत येतात का? (पुणे)

येतात. 2021च्या ड्रोन नियमांत 2 किलोपेक्षा जास्त आणि 25 किलोपर्यंतचं मॉडेल ‘स्मॉल’ गटात पडतं. फक्त छंद, शिक्षण किंवा चाचणीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या मॉडेलना टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण रिमोट पायलट प्रमाणपत्राची सूट 2 किलोपर्यंतच्या नॅनो आणि बिनव्यावसायिक मायक्रो गटालाच आहे, 3.2 किलोचं ग्लायडर त्यात बसत नाही. पूर्वपरवानगी न लागणाऱ्या ग्रीन झोनमध्ये 400 फूट म्हणजे 120 मीटरची मर्यादा, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किमीच्या पट्ट्यात 200 फूट. पुण्यात लोहगाव विमानतळामुळे शहराचा मोठा भाग यात अडकतो. मैदान ठरवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवरचा नकाशा पाहाच.

प्रश्न : वेगात खाली येताना पंखातून घरघर ऐकू आली. उतरवून पाहिलं तर सगळं ठीक. (रत्नागिरी)

ठीक नाही. तो फ्लटरचा, म्हणजे हलता भाग वाऱ्यात वेगाने फडफडण्याचा, आवाज आहे, आणि पुढच्या वेळी एलेरॉन हवेतच निघून जाऊ शकतो. सर्व्हो चालू ठेवून एलेरॉनची मागची कड दोन बोटांत धरून हलवा. 1 मिमीपेक्षा जास्त ढिलेपणा असेल तर क्रमाने पाहा : हॉर्नचं (एलेरॉनवर बसवलेल्या तरफेचं) भोक घासून मोठं झालंय का, पुशरॉड (सर्व्होपासून हॉर्नपर्यंतची काडी) मधे वाकतो का, सर्व्हो पंखात चिकटवलेल्या जागेतून सुटलाय का, बिजागरीची टेप उठलीय का. कोकणातल्या दमट हवेत टेप उठणं हेच कारण जास्त आढळतं. जुनी टेप काढा, कड अल्कोहोलने पुसा, नवी लावा. 2 मिमीचा पोलादी पुशरॉड आणि प्लायवूड किंवा फायबर ग्लासचा हॉर्न घाला. दोष सापडून दुरुस्त होईपर्यंत सुळकी मारू नका. उंचीवरून खाली यायचं असेल तर क्रो ब्रेक उघडून या.